कास्टिंग नंबर जुळला म्हणजे हेड जुळलं?

जुनी इंजिनं बांधणाऱ्यांमध्ये एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कंपनीची हेडं (सिलिंडरवर बसणारी, व्हॉल्व्ह असलेली झाकणं) सगळी सारखीच, कास्टिंग नंबर जुळला की डोळे झाकून बसवा. बिडाच्या हेडला वेगळी व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो ती कडा) नसते, म्हणून पेट्रोलमधलं शिसं गेल्यापासून ही हेडं खलास होतात. तेव्हा सरसकट सगळ्यांना सीट रिंगा, म्हणजे सीटच्या जागी कडक धातूची कडी, ठोकून घ्या. आणि एकदा रिंग बसली की सीट कितीही वेळा कापा, चिंता नाही. निव्वळ थाप असती तर सोडून दिलं असतं. पण यातल्या प्रत्येक वाक्यात चिमूटभर खरं आहे, त्यामुळे लोक त्यावर पैसे घालवतात.

आधी नंबराचं बघू. हेडवर उठावात दिसणारा आकडा साच्याचा असतो. म्हणजे ओतकाम कुठल्या पॅटर्नवर झालं, एवढंच तो सांगतो. व्हॉल्व्हचा व्यास, सीटचा कोन, स्प्रिंगखालच्या बैठकीची खोली, सीट कडक केली की नाही, हे सगळं ओतल्यानंतर मशीनवर ठरतं आणि त्याचा त्या आकड्यात पत्ता नसतो. शेवरोलेच्या स्मॉल ब्लॉकचं 3890462 हे कास्टिंग घ्या. 1960च्या दशकातलं हे हेड 1.94 इंची इनटेक (मिश्रण आत घेणारा) व्हॉल्व्ह लावूनही निघालं आणि 2.02 इंचीसुद्धा. म्हणजे साधारण 49.3 आणि 51.3 मिलिमीटर. नंबर एकच, हेडं दोन. नुसता नंबर बघून घेणाऱ्याच्या हाती यातलं कुठलं लागेल, हे नशिबावर. उलटही होतं: टोकाला एखादं जादा बोल्टाचं भोक आलं म्हणून नंबर बदलतो, आतलं सगळं तेच राहतं. नंबर बघाच, पण पुढे व्हर्निअर काढून मापं घ्या.

आता शिशाचा मुद्दा. इथे मेसेज सगळ्यात जास्त घोळ घालतो, म्हणून जरा थांबू. टेट्राएथिल लेड या पेट्रोलमध्ये मिसळायच्या शिशाच्या संयुगाचा गुण 1921 मध्ये सापडला तो नॉकिंग, म्हणजे इंधन अवेळी पेटून होणारी ठकठक, थांबवण्यासाठी. सीट वाचणं हा आयता मिळालेला फायदा. जळाल्यावर शिशाच्या संयुगांचा पातळ थर सीटवर बसायचा आणि व्हॉल्व्ह व सीट हे दोन तापलेले धातू थेट एकमेकांना चिकटत नसत. तो थर नसेल तर मऊ बिडाचे सूक्ष्म कण व्हॉल्व्हला डकतात, उघडताना उपटले जातात आणि पुढे तेच कण सीट खरवडतात. व्हॉल्व्ह हळूहळू हेडमध्ये खचतो. इथवर मेसेज बरोबर.

पण हा प्रकार मुख्यतः एक्झॉस्टचा, म्हणजे जळालेला वायू बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा. इनटेक सीटवर थंड मिश्रण येत असतं, ती बहुधा शाबूत राहते. शिवाय झीज वेग, भार आणि तापमान यांवर चालते: तासन्‌तास चढ्या आरपीएमवर राबणाऱ्या इंजिनाची सीट लवकर झिजते, रविवारी हळू फिरवल्या जाणाऱ्या गाडीची वर्षानुवर्षं तशीच राहते. आणि ‘बिडाच्या हेडला वेगळी सीट नसते, म्हणजे ती मऊच’ हे तर साफ चूक. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकी कंपन्यांनी बिडाच्या हेडमधल्याच एक्झॉस्ट सीट इंडक्शननं (विजेच्या चुंबकीय क्षेत्रानं) तापवून कडक करायला सुरुवात केली. वेगळी रिंग नाही, तरी सीट कडक. अशा हेडला सरसकट रिंगा ठोकणं म्हणजे चांगलं काढून टाकून जोखीम विकत घेणं. पातळ भिंतीच्या कास्टिंगमध्ये रिंगेचा खड्डा कापताना हत्यार वॉटर जॅकेटमध्ये, म्हणजे थंड करणाऱ्या पाण्याच्या पोकळीत, घुसलं, तर हेड भंगारात.

मग ओळखायचं कसं? कार्बन पूर्ण साफ करून उजेडात बघा. रिंग असेल तर सीटभोवती केसासारखी गोल रेघ दिसते. रेघ नसेल, तर सीटच्या कडेला, व्हॉल्व्ह टेकतो ती जागा सोडून, बारीक कानस हलकेच लावा: मऊ बिडात ती धरते, कडक सीटवर घसरते. चालत्या इंजिनात खूण टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातल्या फटीची. एक्झॉस्टची फट दर वेळी कमीच होत असेल, तर व्हॉल्व्ह खचतोय. हायड्रॉलिक लिफ्टर (तेलाच्या दाबावर फट आपोआप सांभाळणारा) असेल तर तो ही घट निमूटपणे भरून काढतो आणि त्याची मर्यादा संपली की एकदम कॉम्प्रेशन जातं. त्या इंजिनांत हेड उतरल्यावर स्टेमची, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांडीची, उंची मोजल्याशिवाय काही कळत नाही.

अ‍ॅल्युमिनियमच्या हेडची गोष्ट वेगळी, तिथे रिंग लागतेच. पण तिथेही मापं बिडाची वापरून चालत नाहीत. 40 मिलिमीटरचा खड्डा 100 अंशांनी तापला, तर अ‍ॅल्युमिनियममध्ये तो सुमारे 0.09 मिलिमीटरनं फुगतो, बिडात जेमतेम 0.04. रिंग स्वतः जास्त तापते म्हणून थोडी भरपाई होते, तरी बिडातल्या मापानं दाबलेली रिंग अ‍ॅल्युमिनियममध्ये सुटून सिलिंडरमध्ये पडू शकते.

राहिलं ‘कितीही वेळा कापा’. इंडक्शननं आलेला कडकपणा वरवरचा, साधारण दीड-दोन मिलिमीटर. दोन-तीनदा सढळ हातानं कटर फिरवला की खाली मऊ बीड उघडं पडतं. रिंग आरपार एकाच धातूची असते हे खरं, पण दर कापणीला व्हॉल्व्ह आत जातो, स्टेम वर येतो, स्प्रिंगचा दाब आणि रॉकरचा कोन बिघडतो. शिवाय सीट रुंद होत जाते. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बहुतेक उष्णता सीटमधूनच बाहेर पडते, त्यामुळे ती फार अरुंद चालत नाही. फार रुंद झाली की कार्बन अडकून नीट टेकत नाही. रुंदी दीड ते दोन मिलिमीटर ठीक. पुन्हा पुन्हा कापून संपलेली रिंग वाचवत बसू नका. तिच्यावर गोल वेल्डिंगचा एक टाका फिरवा, थंड होताना ती आकसते आणि खड्ड्यातून हातानं निघते.