तिसरा रकाना

गुरुवारी नैरोबीतल्या एका संग्रहालयाच्या दारात माझी स्वाहिलीची तोंडी परीक्षा झाली. नापास झालो. संग्रहालयाचं नाव सांगत नाही, कारण भाच्याला या शहरात अजून दोन वर्षं काढायची आहेत.

इथे उतरल्यापासून मला परदेशी समजायला कोणी तयारच नाही. मटाटू या इथल्या वडापचा चालक, केळीवाली, लिफ्टवाला, सगळ्यांच्या लेखी मी पार्कलँड्सचा. पार्कलँड्स म्हणजे इथल्या गुजराती-पंजाबी मंडळींची जुनी वस्ती. "पुण्याहून आलोय" म्हटलं की समोरचा विचारतो, "म्हणजे पार्कलँड्समध्ये नेमकं कुठे?" अख्ख्या नैरोबीत मला परदेशी मानणारी एकच जागा निघाली. तिकीट खिडकी.

खिडकीवरच्या कोष्टकात तीन रकाने. नागरिक, रहिवासी आणि तिसरा माझा, पहिल्याच्या सहापट. बरं, देतो म्हटलं, तर रोख घेत नाहीत. फोनवरून एम-पेसा. त्यातला पेसा म्हणजे आपला पैसाच, पण माझं सिम भाच्याच्या नावावर, पिन भाच्याकडे आणि भाचा मीटिंगमध्ये. खिशात करकरीत शिलिंग घेऊन मी रांगेच्या तोंडाशी उभा, आहेराचं पाकीट घरी विसरलेल्या पाहुण्यासारखा.

एवढ्यात मागून एक हात आला. हाताच्या मागे तपकिरी कोट, कोटात स्वेटर आणि स्वेटरमध्ये सत्तरीचे एक आजोबा. वडीलधाऱ्यांना इथे म्झे म्हणतात. "रोख मला दे, मी फोनवरून भरतो." भरलेही. पहिल्या रकान्यातून भरले, हे मला दारात कळलं.

दारावरची रक्षक मुलगी पंचविशीच्या आतली, आवाज मात्र मुख्याध्यापिकेचा. तिने बॅग अगदी तळापर्यंत उपसली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. ७ ऑगस्ट १९९८ च्या अमेरिकी दूतावासावरच्या बॉम्बहल्ल्यात या शहरातली २१३ माणसं गेली. त्या स्मारकाच्या भिंतीवरची नावं मी सोमवारी वाचून आलो होतो, निम्म्यावर थांबलो होतो. बॅगा खुशाल तपासा. तक्रार पुढची आहे.

"कितांबुलिशो?" ती म्हणाली. ओळखपत्र. मी आधार कार्ड काढलं. का, ते देव जाणे, हात आपोआप जातो. तिने ते सुलटं पाहिलं, उलटं पाहिलं आणि परत दिलं.

"हा आमचाच आहे, पोरी," म्झे म्हणाले. "याच्या आजोबांनी रेल्वे बांधली."

"माझे आजोबा तासगावला तलाठी होते," मी म्हणालो. खरं बोलण्याची सवय मला नेमकी नको तिथे लागते.

म्झेंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं वकील साक्षीत घसरलेल्या अशिलाकडे पाहतो. मोंबासापासून रूळ टाकायला इंग्रजांनी हिंदुस्थानातून बत्तीसेक हजार मजूर आणले, त्यातले अडीचेक हजार मेले, हे सगळं ते तरीही घडाघडा म्हणून गेले. मुलगी ढिम्म. "म्हणजे हे ४४ व्या जमातीतले?" केनियातल्या आशियाई वंशाच्या लोकांना सरकारने २०१७ साली देशाची ४४ वी जमात म्हणून मान्यता दिलीय, त्यावरचा हा टोमणा. "मग स्वाहिलीत बोलून दाखवा."

मला स्वाहिली येत नाही. पण कानाला ओळखीचे वाटणारे शब्द मी पंधरा दिवस गोळा करत होतो. "चाय," मी म्हणालो. "चपाती. साबुनी. कलामू. दुका. गारी." रांगेतलं एक शाळकरी पोरगं फिस्सकन हसलं. मी आणखी जोर लावला. "दुनिया! लाकिनी!"

"लाकिनी काय?" तिने विचारलं.

लाकिनी म्हणजे लेकिन. लेकिनच्या पुढे माझ्याकडे काहीच नव्हतं.

म्झेंनी शेवटचा डाव टाकला. "अगं, आपल्या तुर्काना सरोवराजवळ १९८४ साली पंधरा लाख वर्षांपूर्वीच्या मुलाचा सांगाडा सापडला ना? जगातली माणसं सगळी इथूनच गेली. हाही गेला. परत यायला जरा उशीर झाला, एवढंच."

"जाताना कितांबुलिशो घेऊन जायचं होतं," ती म्हणाली.

फरक भरला. म्झेंनीच फोनवरून भरला, माझ्या नोटा दोनदा मोजून घेतल्या आणि व्यवहाराचे म्हणून वीस शिलिंग वर घेतले. वाद घालण्यासारखी रक्कम नाही म्हणून घातला नाही, पण विसरलोही नाही.

भेदभावाविरुद्धचं मनातलं भाषण रंगात आलं असताना मध्येच अजिंठा आठवला. तिथे आपल्याला ४० रुपये आणि परदेशी माणसाला ६००, म्हणजे पंधरापट. खिडकीशी घामाघूम झालेल्या एका जर्मन जोडप्याकडे बघत, उसाचा रस पीत, "परवडतं त्यांना" असं मीच म्हणालो होतो. तर तसं मलाही परवडत होतं. राग पैशाचा नव्हताच. थोडा होता. पण रस्त्यावर घरचा आणि पैसे घेताना पाहुणा, हे कुठलं नातं?

आदल्या दिवशी मोई अव्हेन्यूवरच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जोसेफ मुरुंबींचा कलासंग्रह पाहिला होता. वडील गोव्याचे, आई मासाई, शिक्षण बंगळुरूत आणि १९६६ साली केनियाचे उपराष्ट्राध्यक्ष. गोव्याचं नाव वाचून मी उगाचच छाती फुगवली होती. त्या कोष्टकापुढे त्यांचे वडील उभे राहिले असते तर कुठल्या रकान्यात गेले असते, हे त्या मुलीला विचारायला हवं होतं. सुचलं ते आत गेल्यावर.

आत म्झे बरोबरच होते. दूध ठेवायच्या एका पोकळ भोपळ्यापुढे ते थबकले. भोपळा आतून कोळशाच्या भुकटीने घासतात, त्यामुळे त्यात आंबवलेल्या दुधाला धुरकट चव येते. "आईचा याहून चांगला होता," ते म्हणाले. "आणि मी हे तिकीट काढून बघतोय." मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत. वीस शिलिंगांचा विषय मीही काढला नाही.

बाहेर आलो तर टॅक्सीवाल्याने दार उघडूनच ठेवलं होतं. "पार्कलँड्स?"

"हो," मी म्हणालो.

भाचा किलिमनीला राहतो.