काटकोन नसलेले घर

एक जुनी मालवाहू व्हॅन घ्यायची, तिच्यात आपल्याच हातांनी पलंग, ओटा आणि कपाट बसवायचे आणि सुट्टी मिळाली की ते घर घेऊन निघायचे, हा बेत ज्या संध्याकाळी ठरला त्या संध्याकाळी आम्हा नवराबायकोचे पूर्ण एकमत होते. तसे एकमत पुन्हा व्हायला चौदा महिने लागले आणि तेही एक अक्षर न बोलता झाले.

नवऱ्याने आलेखाच्या कागदावर सुबक नकाशा काढला होता. त्यात ओटा आयत होता, कपाट आयत होते आणि व्हॅन हाही एक मोठा आयतच होता. प्रत्यक्षात व्हॅनमध्ये सरळ रेषा औषधालाही सापडत नाही. भिंती खालून फुगतात, वर आत झुकतात, मध्येच चाकाचा उंचवटा पोट काढून बसलेला असतो आणि मागच्या दाराकडे सगळीच रुंदी आवळत जाते. घर बांधणाऱ्यांची ओळंबा, पाणसळ आणि गुण्या ही तिन्ही हत्यारे इथे निरुपयोगी ठरतात, कारण गाडी उभी आहे ती जमीनच उताराची असेल, तर पाणसळ फळीचा तिरकेपणा सांगते की जमिनीचा, हे कळायला मार्ग नसतो. नवरा पाणसळीवर विश्वास ठेवून फळी बसवत असे आणि मी चार पावले मागे जाऊन ‘अरे, तिरकी दिसते आहे’ असे म्हणत असे. दोघेही बरोबर असत, हाच खरा त्रास होता.

शेवटी आम्ही पुठ्ठ्याला शरण गेलो. भिंतीला पुठ्ठा टेकवायचा, पेन्सिलीने वळण आखायचे, कापायचे, पुन्हा टेकवायचा आणि फट दिसली की नवा पुठ्ठा घ्यायचा, असे करत एका फडताळाच्या एका कडेसाठी सात पुठ्ठे खर्ची पडले. आठव्या वेळी कड तंतोतंत जुळली, तेव्हा आम्हाला इतका आनंद झाला, की त्या भरात प्लायवूडवर ती आम्ही उलट्या बाजूने आखली.

छताला भोक पाडण्याचा प्रसंग मात्र वेगळ्याच तोडीचा होता. दोन माणसे रात्रभर बंद डब्यात श्वास सोडत राहिली, की त्यातली वाफ थंड पत्र्यावर जमते आणि पहाटे थेंबाथेंबाने परत मिळते. म्हणून छतात पंखा हवा आणि त्या पंख्याला १४ इंच लांब व १४ इंच रुंद चौकोन हवा. धडधाकट, न गळणाऱ्या गाडीच्या टाळूला एवढे भगदाड पाडायला जे धैर्य लागते, ते आमच्यापैकी कोणाकडे जास्त आहे, यावर दोन रविवार गेले. अखेर चार कोपऱ्यांना ड्रिलने भोके पाडून नवरा वर जिगसॉ, म्हणजे विजेवरची करवत, घेऊन बसला आणि कापलेला तुकडा खाली पडू नये म्हणून मी आत दोन्ही हात वर करून उभी राहिले. ढोलाच्या आत बसून ढोल ऐकला, तर कसे वाटेल याचे कुतूहल असणाऱ्यांनी हा अनुभव जरूर घ्यावा. काम संपल्यावर लोखंडाचा कीस एकूण एक वेचावा लागतो, कारण राहिलेला प्रत्येक कण गंजून स्वतःभोवती तपकिरी डाग पाडतो. शिवाय कापलेल्या कडेला प्रायमर लावला नाही, तर गंज तिथूनच सुरुवात करतो. तो कीस माझ्या केसांतून पुढे तीन दिवस निघत होता.

त्यानंतर वीज आली, म्हणजे विजेवरचे वाद आले. आमची बॅटरी १२ व्होल्टची आणि १०० अँपिअर-तासांची, म्हणजे हिशेबाने १२०० वॅट-तासांची होती. पण ती शिसे-आम्लाची असल्यामुळे टिकवायची तर निम्मीच वापरायची, म्हणजे हातात ६०० राहतात. नवऱ्याला २००० वॅटची इंडक्शन शेगडी हवी होती. मी कागदावर भागाकार करून दाखवला, की आपण रोज १८ मिनिटे स्वयंपाक करू आणि उरलेला वेळ अंधारात जेवू. त्यावर तो म्हणाला, ‘अगं, १८ मिनिटे पुरतात.’ मग मी दुसरा भागाकार केला. २००० वॅट १२ व्होल्टवर घ्यायचे तर सुमारे १६७ अँपिअर प्रवाह लागतो आणि त्यासाठी वायर बोटाएवढी जाड लागते. त्या वायरची किंमत पाहिल्यावर त्याला गॅसची शेगडी एकाएकी सुंदर वाटू लागली. परंतु स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळला तर तळाशी साचतो आणि तो निघून जावा म्हणून जमिनीलाही भोक ठेवावे लागते. छत झाले होतेच, आता जमीन झाली. आपण घर बांधतो आहोत की चाळण, अशी शंका मी त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्याने बोलून दाखवली.

वायरी ओढून झाल्यावर पत्र्याला उष्णतारोधक थर लावला आणि त्यावर फळ्या मारून भिंती बंद केल्या. फळी नवऱ्याने दाबून धरली होती आणि स्क्रू मी आवळले होते, हे इथे सांगून ठेवते. त्याच आठवड्यात आमचा १३ नंबरचा पाना नाहीसा झाला. मी तो शेवटचा त्याच्या खिशात पाहिला होता आणि त्याने तो माझ्या हातात पाहिला होता. पाना ही काही दुर्मीळ वस्तू नव्हे. पण जो नवा आणील त्यानेच जुना हरवला, असे आपोआप सिद्ध झाले असते. म्हणून पलंगाच्या चौकटीचे सगळे ८ मिलिमीटरचे बोल्ट, ज्यांच्या डोक्याला १३ नंबरचा पाना लागतो, आम्ही पक्कडीने आवळले. पक्कडीने बोल्टची डोकी झिजून गोल झाली, तरी दोघांपैकी कोणीही दुकानाकडे फिरकले नाही.

पलंगाबद्दल बोलायचे तर त्यात चूक माझी होती आणि ती सेंटिमीटरमध्ये मोजता येते. गाडीची आतली रुंदी १८२ सेंटिमीटर आणि नवऱ्याची उंची १७७, म्हणून पलंग आडवा घालावा, असे मी सुरुवातीलाच ठामपणे सांगितले होते. दोन्ही भिंतींवर २५ मिलिमीटरचा थर आणि ६ मिलिमीटरची फळी चढल्यावर रुंदीतले सहा सेंटिमीटर गेले, हे माझ्या लक्षात आले तोवर ओटा पक्का बसला होता. आता नवरा गाडीपेक्षा सुमारे एक सेंटिमीटर लांब आहे. फळी कापता येते, तशी सोय माणसाच्या बाबतीत नाही. त्यामुळे तो कर्णावर झोपतो आणि कर्णाच्या एका बाजूला उरणारा जो त्रिकोण, तो माझा. दुसऱ्या बाजूचाही एक त्रिकोण आहे, पण तिथे जायचे तर नवरा ओलांडून जावे लागते.

नवऱ्याने याच सुमारास कुठेतरी वाचले, की जर्मनीतल्या वेस्टफालिया कंपनीने १९५१ साली फोक्सवॅगनच्या गाडीसाठी बनवलेले मुक्कामाचे सामान उचलून बाहेर काढता येत असे. काम असेल तेव्हा गाडी कामाला आणि सुट्टीत फिरायला. त्या लोकांची बहुधा सगळी हत्यारे जागेवर असत.

वजनाचा हिशेब माझ्याकडे होता. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, तेव्हा ६० लिटरची टाकी एका अंगाला बसवली की बॅटरी दुसऱ्या अंगाला हवी आणि गाडीच्या कागदांवर लिहिलेल्या कमाल वजनात टाकी, ओटा, पुस्तके आणि आम्ही दोघेही धरलेलो असतो. वजनकाट्यावरचा आकडा पाहून पुस्तके उतरली. आणखी काय उतरवता येईल, या विषयावर आम्ही एकमेकांकडे पाहण्याचे टाळले.

पहिल्या सफरीला निघालो तेव्हा गाडीत इतका खडखडाट होता, की एकमेकांचे बोलणे ऐकू येईना. भांड्यांमध्ये फडकी घातली, शक्य तिथे नायलॉकचे, म्हणजे हादऱ्यांनी सैल न होणारे, नट लावले, वळणावर आपणहून उघडणाऱ्या खणांना कड्या बसवल्या आणि एकेक आवाज संपत गेला. शेवटी एकच उरला. ब्रेक लावला की काहीतरी डाव्या भिंतीच्या आतून पुढे घसरत येई आणि टण्ण करून थांबे. वेग घेतला की ते तसेच मागे जाई. आम्ही गाडी थांबवून भिंतीला कान लावले. नवऱ्याने फळीवर बोटाने टकटक केली आणि आतून धातूचा आवाज आला.

ती फळी काढायची तर आधी पलंग काढावा लागतो. पलंगाच्या बोल्टना १३ नंबरचा पाना लागतो आणि त्यांची डोकी गोल झालेली आहेत.

आम्ही पुन्हा पुढे जाऊन बसलो. नवऱ्याने गाडी सुरू केली, पहिल्या ब्रेकला टण्ण झाले आणि त्याने हात लांब करून रेडिओचा आवाज वाढवला. मी तो आणखी थोडा वाढवला.