मर्यादवेल उपटली, आता बंधारा मागा

गणपती आटोपून मुंबईला परतायच्या आदल्या दिवशी आमच्या गावच्या पुळणीवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूत, गेले, तर स्वच्छता मोहीम चालू होती. वीस-पंचवीस मुलं, सगळ्यांचे एकसारखे टीशर्ट, बाजूला ट्रॅक्टर. सहज ट्रॉलीत डोकावले. पाण्याच्या बाटल्या, थर्माकोल, फाटकी जाळी, एक चप्पल, आणि या सगळ्यावर हिरवागार ढीग. मर्यादवेल. जांभळ्या फुलांसकट.

एका मुलाला विचारलं तर बिचारा घामाघूम, पण खूश. "ताई, तण माजलं होतं नुसतं. आता बघा बीच कसा क्लीन दिसतोय!"

त्याच्यावर काय रागावणार? शनिवारची झोप मोडून आला होता. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

ज्यांनी ही वेल नीट पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. पान थेट आपट्यासारखं, पण जाड आणि तकतकीत. तोडलं की चीक येतो. खोड दोरखंडासारखं वाळूवर पळत जातं आणि पेरापेराला मुळं सोडतं. वारा वाळू घेऊन आला की ती पानांशी अडते. वेल गाडली जाते, पुन्हा वर डोकं काढते. पुन्हा वाळू, पुन्हा वेल. असं वर्षानुवर्षं चाललं की पुळणीच्या वरच्या अंगाला टेकडी उभी राहते. समुद्राने इथवरच यायचं, ही मर्यादा. नाव ठेवणारा माणूस रोज किनाऱ्यावर वावरणारा असणार.

या टेकड्या म्हणजे वाळूची ठेव आहे. पावसाळ्यातलं उधाण पुळण खरवडतं, टेकडीचा पायथा तोडतं आणि ती वाळू समुद्रात जरा आत नेऊन पाण्याखाली तिचा दांडा, म्हणजे लांबट उंचवटा, घालतं. मोठ्या लाटा मग त्या दांड्यावरच फुटतात. दिवाळीनंतर समुद्र निवला की तीच वाळू हळूहळू परत येते, वारा ती वर चढवतो आणि वेल धरून ठेवते. ठेवच मोडून खाल्ली तर उधाण थेट माडांच्या मुळाशी येणार, दुसरं काय?

आणि पाणी! आमच्या वाडीतली विहीर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, तरी पाणी गोड. लहानपणी मला तो देवीचा चमत्कार वाटायचा. खरं म्हणजे पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खाऱ्या पाण्याहून हलकं म्हणून त्याच्यावर तरंगत राहतं. ढोबळ हिशेब असा की गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीहून १ मीटर वर असेल, तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडं पाणी असू शकतं. अर्थात हिशेब उलटाही चालतो. वरची वाळू उपसली, बोअर मारून पाणी ओढलं, की खारं पाणी तितक्याच झपाट्याने वर येतं. अ‍ॅमस्टरडॅम १८५३ पासून वाळूच्या टेकड्यांतलं पाणी पितंय. डच लोक टेकड्या जिवापाड जपतात ते उगाच नव्हे.

आपल्याकडे कायदा नाही असंही नाही. १९९१ च्या सीआरझेड (किनारपट्टी नियमन क्षेत्र) अधिसूचनेतच सुशोभीकरण किंवा करमणुकीसाठी वाळूच्या टेकड्यांत फेरफार करायला मनाई केली होती. सुशोभीकरण! पस्तीस वर्षांपूर्वी कागदावर नेमका हाच शब्द आला, आणि आजही टेकडी सपाट होते ती त्याच नावाखाली. खोलीतून समुद्र दिसायला हवा, पार्किंग हवं, सेल्फी पॉइंट हवा.

सुरूबद्दल बोलले की गावात वाईटपणा येतो, पण बोलतेच. सुरूच्या बनात मीही खेळले आहे. तरी पुळणीच्या अगदी तोंडाशी सुरू लावणं मला पटत नाही. खाली सुयांचा असा थर साचतो की वेल-गवत वाढत नाही, आणि अंडी घालायला वर आलेल्या कासविणीला मुळांच्या जाळ्यात खड्डा करता येत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन-दिवेआगरकडे किती सुरू आडवे झाले ते आपण सगळ्यांनी पाहिलं. मागच्या बाजूला खुशाल लावा. पुढची जागा वेलीची.

जमल्यास एकदा दापोली तालुक्यातल्या केळशीला जाऊन या, भारजा नदीच्या मुखाजवळ. तिथली वाळूची टेकडी साधीसुधी नाही. डेक्कन कॉलेजचे डॉ. अशोक मराठे यांनी तिचा अभ्यास करून तिचा संबंध १५२४ च्या त्सुनामीशी जोडला. त्याच वर्षी दाभोळच्या समुद्रात वास्को द गामाची गलबतं भूकंपाने हादरल्याची नोंद आहे. म्हणजे ज्याला आपण 'नुसती रेती' म्हणून ब्रासच्या भावात मोजतो, त्यात पाचशे वर्षांपूर्वीचा समुद्र गाडलेला असू शकतो.

आमच्या शेजारचे आबा त्या संध्याकाळी ओटीवर बसून म्हणाले, "वेल काढलीत ना? आता वैशाखात भाकरीत रेती खा." आणि गावात धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची मागणी आधीच सुरू झाली आहे. दगड, डंपर, टेंडर, सगळं आलं. जे फुकट उभं होतं ते ट्रॉलीत भरून दिलं, आता त्याच जागी चिऱ्यांची भिंत मागायची.

एक काम आहे. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या तुमच्या गावची टेकडी मागे दिसत असेल असा जुना फोटो घरात असेल, लग्नातला, मुंजीतला, रापणीचं जाळं ओढतानाचा, कसलाही, तर गावाचं नाव आणि साधारण साल लिहून मला पाठवा. ग्रामसभेत "इथे टेकडी नव्हतीच" असं म्हणतात तेव्हा पुढे ठेवायला काहीतरी हवं. आमच्या गावचा एक सापडलाय. आत्याच्या डोहाळजेवणाचा आहे, आणि तिच्या मागे टेकडी कौलाच्या वर दिसतेय.