वाघ्याला उलथं पाडायला सांगणाऱ्या मेसेजबद्दल

"मामाजी, बाबाले सांगू नोका, पण वाघ्याचा दात लागला मले." भाच्याचा हा फोन आला तेव्हा दात लागून दोन दिवस झाले होते. ताईचं गाव घाटंजी तालुक्यात. वाघ्या म्हणजे त्यांच्या गोठ्यामागे जन्मलेलं दोन महिन्यांचं गावरान पिल्लू. आई गावभर हिंडणारी, लस मायलेकांपैकी कोणालाच नाही. आणि बारा वर्षांच्या पोराला दात का लागला, तर व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला होता: "पंधरा दिवसांत कुत्रा हुकमाचा ताबेदार! सहा अचूक उपाय. शेतकरी बांधवांनी पुढे पाठवावे." बांधवांनी पाठवला. माझ्याकडेच तो तीन ग्रुपांतून आला, आणि त्यातल्या एका ग्रुपात दोन मास्तर आहेत.

पोराचा हात ज्यानं फोडला तो उपाय पहिला. पिल्लाला उलथं पाडा, मान दाबून धरा, ते गप होईपर्यंत सोडू नका. लांडग्यांच्या कळपाचा म्होरक्या असंच करतो, कुत्रा लांडग्याचाच वंशज, म्हणून तो तुम्हाला म्होरक्या मानेल.

हे म्होरक्याचं खूळ आलं कुठून ते सांगतो. रुडॉल्फ शेंकेल नावाच्या अभ्यासकानं 1947 साली प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर लिहिलं. एका आवारात कोंडलेली ती जनावरं भांडणार नाहीत तर काय करणार? डेव्हिड मेक या अमेरिकी शास्त्रज्ञानं 1970 च्या आपल्या पुस्तकात ती कल्पना उचलली आणि ती जगभर पसरली. पुढे हाच मेक कॅनडातल्या एल्समियर बेटावर उन्हाळ्यामागून उन्हाळे मोकळ्या लांडग्यांजवळ राहिला आणि 1999 साली त्यानं शोधनिबंध लिहिला: रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पोरं. म्होरकेपण लढून मिळवलेलं नसतं, ते आईबापाचं असतं. स्वतःचं जुनं पुस्तक छापणं बंद करा म्हणून तो प्रकाशकाच्या मागेही लागला. ज्यानं गोष्ट पसरवली त्यानंच ती मागे घेतली, आणि आमचे बांधव ती आज पुढे पाठवताहेत!

शिवाय लांडग्याचं लहान पिल्लू मोठ्यासमोर उताणं होतं ते आपणहून. त्याला कोणी आपटत नाही. मान दाबली की पिल्लाला एवढंच कळतं की हे आता मला मारणार, आणि मग ते जवळ असलेलं एकच हत्यार वापरतं. वाघ्यानं तेच केलं.

जखम दोन दिवस फडक्याखाली होती. पिल्लाचा दात आहे, दुधाचा आहे, त्यानं काय होतं, असं समजू नका. रेबीज पिल्लालाही होतो, आणि लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही म्हटलं तरी चालेल. दात लागला, नुसतं खरचटलं, तरी वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायचं. हळद नाही, चुना नाही, तिखट तर नाहीच. मग त्याच दिवशी दवाखाना. सरकारी दवाखान्यात कातडीत देतात ती लस पहिल्या दिवसाला शून्य धरून शून्य, तीन, सात आणि अठ्ठावीस अशा दिवशी असते; दात कातडी फोडून आत गेला असेल, रक्त आलं असेल तर डॉक्टर सोबत सीरमही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) देतात. ताईला मी हे फोनवर सांगितलं तेव्हा ती आधी पोरावर भडकली, मग माझ्यावर. मेसेज पाठवणाऱ्यावर कोणीच भडकलं नाही.

दुसरा उपाय: भाकरीत तिखट कालवा, कुत्रं तामसी होतं. आमच्याकडे भिवापुरी मिरचीचा अभिमान आहे, पण तो माणसांपुरता ठेवा. कुत्र्याचं तोंडही आपल्यासारखंच भाजतं. एवढ्याशा पिल्लाला वांत्या आणि हगवण लागली की अंगातलं पाणी जातं आणि ते दोन दिवसांत आडवं होतं. पोट जळणारं जनावर चिडचिडं होतं हे खरं. चिडचिड्याला राखण येते, हे कोणी सांगितलं?

घरात घाण केली की त्यात नाक घासा, हा तिसरा. दहा मिनिटांपूर्वीची घाण आणि आत्ताची शिक्षा यांचा मेळ पिल्लाला लागत नाही. ते एवढंच शिकतं की माणसासमोर घाण करू नये, आणि तुराट्यांच्या ढिगामागे जाऊन करतं. झोपून उठलं की, खाल्लं की बाहेर न्या. संपलं.

चौथा: आधी आपण जेवा, मग कुत्र्याला द्या. कारण परत तेच, म्होरक्या. कारण खोटं आहे, पण भाकर दिसली की झडप न घालता थांबायला शिकवणं चांगलं, एवढं मान्य करावं लागतं. त्यासाठी आपण आधी जेवायची गरज नाही. तुकडा नाकासमोर धरा आणि हळूच डोक्यावरून मागे न्या. मान वर जाते, बूड आपोआप खाली टेकतं. टेकलं त्याच क्षणी "बस" म्हणा आणि तुकडा द्या. दिवसातून चार-पाच वेळा, दोन-दोन मिनिटं. शब्द मात्र घरात सगळ्यांचा एकच हवा. ताईकडे आजी "यू यू" करते, भाऊजी "इकडं ये" म्हणतात, पोट्टं "कम" म्हणतं. वाघ्यानं कोणाचं ऐकावं? आणि बोलावून कधी मारू नका. एकदा मारलं की दुसऱ्यांदा बोलावल्यावर ते कशाला येईल?

पाचवा म्हणतो गावरान कुत्रं शिकत नाही, आणि सहा महिन्यांनंतर तर कोणतंच नाही. कोणत्या घरी किती वाजता भाकर मिळते हे गावातल्या प्रत्येक कुत्र्याला पाठ असतं. पुढचा मुद्दा.

सहावा: दिवसभर साखळीला ठेवा, परक्याला हात लावू देऊ नका, म्हणजे राखण तिखट होते. उलटं आहे. साधारण तीन ते चौदा आठवडे हे पिल्लाचं जग ओळखायचं वय. त्यात पोरं, बैल, ट्रॅक्टर, पोळ्याचे ढोल दिसले-ऐकले नाहीत, तर पुढे ते सगळ्यालाच भितं आणि भिऊन चावतं, बहुतेकदा ओळखीच्याच पोराला. बांधून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवलं नाही तर 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात तो गुन्हाही आहे. दंड पहिल्या वेळी दहा ते पन्नास रुपये, म्हणजे भीती कोणाला वाटणार ते सोडा.

वाघ्याला आता भाऊजी संध्याकाळी वावरात धुऱ्या-धुऱ्यानं फिरवून आणतात. बसायला तो चार दिवसांत शिकला. मानेजवळ हात नेला की मात्र अजून दबकतो; पट्टा घालायचा तर एका हातात भाकरीचा तुकडा धरावाच लागतो.