‘जहाजावरून नॉर्दर्न लाइट्सचे फोटो येत नाहीत’ म्हणे!

नॉर्वेच्या किनाऱ्याने बोटीने जायचं ठरवलं की हा सल्ला कुणीतरी पाठवतोच: ‘जहाजावरून ऑरोराचे (म्हणजे नॉर्दर्न लाइट्सचे) फोटो काढायच्या भानगडीत पडू नका. ट्रायपॉडवर ३० सेकंदांचं एक्स्पोजर लागतं आणि जहाज तर हलतं. केपी (पृथ्वीच्या चुंबकीय खळबळीचा आकडा) ५ च्या खाली काही दिसत नाही. पौर्णिमेला जाऊच नका. आणि ते हिरवेगार फोटो सगळे एडिट केलेले असतात, डोळ्यांना नुसतं राखाडी दिसतं.’ यातली बहुतेक वाक्यं अर्धी खरी आहेत, म्हणून तर ती खपतात.

आधी त्या ३० सेकंदांचं बघू. आकाशगंगेच्या फोटोंना हा आकडा ठीक आहे; ती कुठे पळून जात नाही. ऑरोरा पळतो. रंगात आला की त्याचे पडदे सेकंदासेकंदाला जागा बदलतात, आणि ३० सेकंद शटर उघडं ठेवलं तर जमिनीवर, भक्कम ट्रायपॉडवरसुद्धा, हाती हिरवा धुरळा येतो. म्हणजे जहाज तुमच्यावर जे छोटं एक्स्पोजर लादतं, तेच उजळ ऑरोरालाही मानवतं. १४ ते २४ मिलिमीटरची लेन्स, अ‍ॅपर्चर एफ १.४ ते २.८, आयएसओ ३२०० ते ६४००, शटर अर्धा ते दोन सेकंद. नॉइज (फोटोत रवाळ दाणे) येईल, येऊ द्या. तो नंतर कमी करता येतो. फरफटलेले तारे पुन्हा ठिपके होत नाहीत. अगदी फिकट ऑरोरा मात्र एवढ्यात नीट येत नाही, हे मान्य.

‘पण जहाज हलतं त्याचं काय?’ हलतंच. पण किती आणि कधी, ते मोजून बघा. २४ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम कॅमेरा, २० मिलिमीटरची लेन्स, कॅमेरा जहाजाच्या बाजूला रोखलेला. जहाज एक अंश कललं की फ्रेमच्या मधला तारा साधारण ५८ पिक्सेल सरकतो. समजा जहाज दोन्हीकडे दोन-दोन अंश डुलतंय आणि पूर्ण हेलकाव्याला १२ सेकंद लागतात. हेलकाव्याच्या मधोमध एक सेकंदाचं एक्स्पोजर दिलं तर तारा ६० पिक्सेल पळतो. हेलकाव्याच्या टोकाला, जिथे जहाज थबकून उलट फिरतं, तिथे तोच एक सेकंद पकडलात तर जेमतेम चार! रेलिंगच्या वर-खाली होणाऱ्या क्षितिजाकडे बघत राहिलं की दोन-चार हेलकाव्यांत हा ताल कळतो. नाहीच जमला तर कॅमेरा एकामागून एक फ्रेम काढत ठेवा आणि नंतर निवडा. कॅमेरा जहाजाच्या पुढच्या किंवा मागच्या दिशेला रोखला तर बाजूच्या डोलण्याने फ्रेम नुसती मध्याभोवती फिरते: मधले तारे शाबूत, कोपरे हललेले.

ट्रायपॉड तर इथे उलट घात करू शकतो, कारण इंजिनाची थरथर पोलादी डेकमधून त्याच्या पायांत आणि तिथून कॅमेऱ्यात चढते. रेलिंगचीही तीच गत. गुडघे सैल सोडून, कोपरं छातीशी धरून, स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी कॅमेऱ्यातली सोय) चालू ठेवून हातानेच काढलेला एका सेकंदाचा फोटो पुष्कळदा जास्त स्वच्छ येतो. बेटांच्या आडोशाने जाताना पाणी संथ असतं, तेव्हा ट्रायपॉडही चालून जातो. बोडो बंदरातून लोफोतेन बेटांकडे जाताना वेस्टफिओर्डचं उघडं पाणी लागतं. तिथे समुद्र खवळलेला असेल तर कॅमेरा आत ठेवून नुसतं बघावं. एवढ्यापुरता तो सल्ला खरा.

केपी ५ चा हट्ट दक्षिणेकडच्या लोकांसाठी आहे. केपी हा साऱ्या पृथ्वीचा तीन-तीन तासांचा निर्देशांक. नॉर्वेतलं ट्रोम्सो शहर जवळपास ७० अंश उत्तरेला, ऑरोराच्या पट्ट्याखालीच येतं. आकाश निरभ्र असेल तर तिथे केपी १-२ लाही काम होतं. केपी फार चढला तर पट्टा दक्षिणेकडे सरकतो, मग उत्तरेकडे टक लावून बसणाऱ्यांच्या पाठीमागे खेळ रंगतो. अ‍ॅपमध्ये केपीऐवजी आधी ढग बघा.

पौर्णिमेबद्दल थोडक्यात: फिकट ऑरोरा चांदण्यात हरवतो, जोरदार हरवत नाही. शिवाय बर्फाचे डोंगर आणि पाणी उजळायला जहाजावर चंद्राशिवाय आहे कोण?

राहिला रंग. अंधारात आपल्या डोळ्यांतल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाही, म्हणून मंद ऑरोरा राखाडी दिसतो. कॅमेऱ्याला ही अडचण नाही. तो हिरवा रंग शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवरच्या ऑक्सिजनचा आहे, ५५७.७ नॅनोमीटरचा, ऑरोरा उजळला की नुसत्या डोळ्यांनाही स्वच्छ हिरवा दिसतो. एडिटिंगमध्ये अतिरेक करणारे आहेतच, पण त्यांच्यामुळे रंग खोटा ठरत नाही.

खरी डोकेदुखी त्या सल्ल्यात आलेलीच नाही: डेकवरचे दिवे. पुढचा डेक बहुधा काळोखा मिळतो, कारण ब्रिजवरच्या (जिथून जहाज चालवतात तिथल्या) टेहळणीला अंधार लागतो. तिथे फ्लॅश किंवा टॉर्च मारणाऱ्याला शिव्या बसतात, आणि बसायलाच हव्यात. नेव्हिगेशनचे दिवे मात्र सूर्यास्त ते सूर्योदय बंद करता येत नाहीत, तसा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. उजव्या बाजूला हिरवा, डाव्या बाजूला लाल. तेव्हा फोटोच्या कडेला धुक्यात हिरवी झाक दिसली तर हुरळून जाण्याआधी तुम्ही कुठल्या बाजूला उभे होतात ते आठवा. दुसरी डोकेदुखी फोकस. काळोखात ऑटोफोकस चाचपडत राहतो, आणि पुष्कळ लेन्सची रिंग अनंताच्या खुणेच्याही पुढे फिरते. एखादा ठळक तारा स्क्रीनवर मोठा करून हाताने फोकस करा आणि रिंगवर चिकटपट्टी लावा. जहाज वळून तो तारा चिमणीआड गेला तरी काम अडत नाही.