आमचे घर प्रयोगगटात

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे गेला की घरातल्या एकुलत्या एका एसीच्या खोलीत कोणी झोपायचे, हे साधारणपणे वयाच्या मानाने ठरते. आमच्याकडे यंदा ते पायांच्या संख्येवरून ठरले. त्या खोलीत फळमाश्या राहतात. मी, सौभाग्यवती, माझी आई आणि या साऱ्याचे मूळ असलेली आमची कन्या असे चौघे हॉलमध्ये कूलरसमोर ओळीने अंथरुणे टाकतो, आणि रात्री कूलरमध्ये पाणी ओतायला जो उठतो तो येता-जाता त्या बंद दाराच्या फटीशी पावले टेकवून थोडा वेळ उगाच उभा राहतो.

कन्या बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र शिकते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण मिळवणाऱ्यांना चौथ्या वर्षी संशोधनाचा मार्ग निवडता येतो, आणि तो निवडण्यापूर्वी हाताशी काही निष्कर्ष असावेत, असे तिने ठरवले. संशोधन म्हणजे पांढरा कोट आणि सूक्ष्मदर्शक, एवढीच माझी कल्पना होती. उन्हाळ्यात महाविद्यालयाला सुट्टी असते आणि माश्यांना नसते, हे त्या कल्पनेत कुठेच नव्हते.

तिचा विषय मात्र या गावाला शोभणारा आहे: उष्णतेचा नर फळमाशीच्या प्रजननक्षमतेवर होणारा परिणाम. ड्रोसोफिला नावाची ही माशी २५ अंशांवर सुमारे दहा दिवसांत अंड्यापासून प्रौढ होते. तिशीच्या वर सतत ठेवली तर नर जगतो, उडतो, माद्यांच्या मागे पंख थरथरवत हिंडतोही, पण त्याला संतती होत नाही. म्हणून दोन गट हवेत. कंट्रोल गट, म्हणजे तुलनेसाठीचा, २५ अंशांवर, म्हणजे एसीत. आणि प्रयोगगट उष्ण खोलीत.

“उष्ण खोली कुठली?” मी विचारले.

“हॉल, बाबा. कूलर सुरू असला की तिथे बरोबर एकतीसच्या आसपास राहते.”

तेव्हापासून टीव्हीच्या शेजारी व्हायलींचा, म्हणजे माश्यांच्या छोट्या नळ्यांचा, स्टँड आहे आणि त्यावर थर्मामीटर लटकतो. तापमान बदलेल म्हणून दुपारी बाल्कनीचे दार उघडायला आम्हाला बंदी आहे.

माश्यांचे जेवण घरीच शिजते. मक्याचे पीठ, गूळ, यीस्ट आणि अगर, ज्याला इतवारीतला दुकानदार चायना ग्रास म्हणतो आणि किलोच्या हिशेबाने घेणाऱ्याला ‘लग्न आहे का जी घरी?’ असे विचारतो. इथवर सारे ठीक असते. शेवटी बुरशी लागू नये म्हणून त्यात प्रोपिओनिक आम्ल घालतात, आणि त्याचा आंबूस भपका जिन्यापर्यंत जातो. शेजारच्या काकूंनी दारातूनच ‘काय शिजवून राहिल्या वहिनी?’ असे विचारले, तेव्हा सौभाग्यवतींनी ‘पाहुण्यांचं आहे’ एवढेच सांगितले. काकू त्यानंतर आमच्याकडे जेवायला थांबलेल्या नाहीत.

अभ्यास सोडून हे काय चालले आहे, असे आईने हटकले की कन्येकडे उत्तर तयार असते. कोलंबिया विद्यापीठात याच माश्यांवर संशोधन करणाऱ्या मॉर्गन यांच्या हाताखाली पदवीसाठी शिकणाऱ्या स्टर्टेव्हंट नावाच्या मुलाने १९११ साली गृहपाठ बाजूला ठेवून एका रात्रीत गुणसूत्राचा पहिला नकाशा काढला. यावर सौभाग्यवतींचे म्हणणे असे की, त्याच्या घरचा स्वयंपाकाचा गॅस कोणी अडवून ठेवला होता काय?

माझ्याकडे पहाटेचे काम आहे. नराची परीक्षा घ्यायची तर त्याला अस्पर्शित मादीच द्यावी लागते, कारण फळमाशीची मादी एकदा मिळालेले शुक्राणू साठवून ठेवते आणि नंतर बरेच दिवस त्यांवर अंडी घालते. कोशातून बाहेर पडल्यावर पहिले सुमारे आठ तास ती नराला जवळ येऊ देत नाही. तेवढ्या वेळात तिला वेगळी काढायची. माश्या कोशातून प्रामुख्याने पहाटेच निघतात, आणि अंबाझरीला फिरायला जाणारा घरातला एकमेव मनुष्य मी आहे, म्हणून हे काम माझ्याकडे आले. व्हायल बर्फात ठेवली की माश्या निपचित पडतात. मग भिंग लावून बारीक ब्रशाने एकेक उलथायची: पोटाचे टोक गोल आणि काळे असेल तो नर, टोक निमुळते, अंग फिकट आणि पोटाच्या आत एक गडद ठिपका दिसत असेल, ती नुकतीच जन्मलेली मादी. सूर्योदयाच्या आत मुली एका बाजूला आणि मुलगे दुसऱ्या बाजूला करणारे हे शास्त्र माझ्या आईला मात्र पहिल्याच दिवशी पटले.

या कामावर तपासणीही आहे, आणि ती अत्यंत कडक आहे. माद्या पांढऱ्या डोळ्यांच्या, आणि परीक्षेचे नर लाल डोळ्यांचे. हा गुण एक्स गुणसूत्रावर असतो, त्यामुळे अशा जोडीच्या मुली बापासारख्या लाल डोळ्यांच्या निघतात आणि मुलगे आईसारखे पांढऱ्या. कन्येने हे सांगताच आई म्हणाली, “पितृमुखी कन्या सुखी, हे आम्हाला आधीच ठाऊक होतं.” पण पांढऱ्या डोळ्यांची एखादी मुलगी निघाली, तर तिची आई वेगळी काढण्यापूर्वीच आपल्या जातभाईला भेटली होती, आणि पहाटेच्या पहारेकऱ्याने डोळे मिटले होते, असा त्याचा सरळ अर्थ होतो. त्या दिवसासाठी मी ब्रिजेस यांचे नाव पाठ करून ठेवले आहे. हे गृहस्थ मॉर्गन यांच्याकडे विद्यार्थिदशेत बाटल्या धुवायला लागले आणि १९१६ साली त्यांनी दाखवून दिले की, गुणसूत्रे नीट विलग न झाल्यामुळे पहारा चोख असतानाही साधारण दोन हजारांत एक अशी मुलगी निघू शकते. कन्येने माझा बचाव ऐकून घेतला आणि दोन हजार माश्या मोजून दाखवा, असे सांगितले.

हॉलमधल्या नरांच्या व्हायली आता ओळीने रिकाम्या राहू लागल्या आहेत, म्हणजे प्रयोग यशस्वी होतो आहे. आई रोज संध्याकाळी आपल्याला कंट्रोल गटात घ्यावे, असा अर्ज करते. कन्येला मात्र पुढच्या वर्षी १८ अंशांचा तिसरा गट हवा आहे. त्या तापमानात माशीचे जीवनचक्र जवळजवळ दुप्पट लांबते, म्हणजे एसीही तितकेच दिवस जास्त चालेल. रविवारी आम्ही सीताबर्डीला दुसऱ्या एसीचे भाव बघायला जाणार आहोत, आणि तो कोणत्या खोलीत बसणार, हे मी आईला अजून सांगितलेले नाही.