‘लेव्हल सी’ म्हणजे थाप नव्हे

कोथरूडच्या एका सोसायटीच्या ग्रुपवरून फिरत फिरत तो फॉरवर्ड आमच्या मावशीकडेही पोचलाच: ‘अमेरिकेतच सिद्ध झालंय! हृदयरोगाच्या ८९ टक्के उपचारांना पुरावाच नाही. आरसीटी नाही म्हणजे थाप. सगळा कंपन्यांचा खेळ. बीपीच्या, हृदयाच्या गोळ्या महिनाभर थांबवून बघा.’ (आरसीटी म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे रुग्णांचे गट पाडून केलेली औषधाची तुलना.)

आकडा हवेतला नाही, हे नाइलाजाने मान्य. २००९ साली ‘जामा’ या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात ट्रायकोची आणि सहकाऱ्यांनी अमेरिकन हृदयरोग संघटनांच्या गाइडलाइन्स तपासल्या. २७११ शिफारशींपैकी ‘लेव्हल ए’, म्हणजे अनेक आरसीटींचा आधार असलेल्या, निघाल्या ३१४, सुमारे ११ टक्के. पण उरलेल्यांत ‘लेव्हल बी’ही आली, म्हणजे एखादी आरसीटी किंवा बिगर-आरसीटी अभ्यास. तो काय पुरावा नव्हे? शिवाय मोजल्यात त्या शिफारशी, उपचार नव्हेत. हार्ट फेल्युअरच्या रुग्णाची नीट हिस्टरी घ्या, त्याला तपासा, हीसुद्धा शिफारसच: ‘क्लास वन’, म्हणजे सर्वांत ठाम, पण ‘लेव्हल सी’, म्हणजे मुख्यतः तज्ज्ञांच्या मतावरची. निम्मे रुग्ण न तपासता घरी पाठवायची ट्रायल कोण करणार?

पुरावा किती पक्का आणि सल्ला किती ठाम, ही दोन वेगळी मापं आहेत. पुरावा आणि शिफारशी जोखण्याच्या ‘ग्रेड’ पद्धतीत ती वेगवेगळीच लिहितात. वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळीवरचा रुग्ण, आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप) चढलेला, मेंदूत रक्तस्राव: उतारा म्हणून व्हिटॅमिन के द्या. पुरावा ‘लो’, शिफारस ‘स्ट्राँग’, कारण वाट बघत बसलं तर माणूस हातचा जातो. उलट, कारण न सापडलेल्या पहिल्या डीव्हीटीनंतर (खोल शिरेतल्या गुठळीनंतर) वॉरफरिन पुढेही चालू ठेवलं तर पुन्हा गुठळी होणं कमी होतं, हा पुरावा ‘हाय’. पण रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून शिफारस ‘वीक’, रुग्णाला विचारून ठरवायची.

आरसीटीचा शिक्का बसला की झालं, असंही नाही. ‘ग्रेड’मध्ये तिचा पुरावा ‘हाय’पासून सुरू होतो आणि पाच कारणांनी घसरतो: सदोष आखणी, विसंगत निकाल, वेगळेच रुग्ण, दडपलेले अभ्यास आणि अनिश्चित आकडा. समजा रिस्क रेशो, म्हणजे औषध घेणाऱ्यांचा धोका न घेणाऱ्यांच्या किती पट, ०.७५ आला, पण खरा आकडा जिथे असण्याची शक्यता तो ९५ टक्क्यांचा पल्ला ०.५० ते १.१०. म्हणजे धोका निम्मा होईल किंवा थोडा वाढेलही. एक पायरी खाली. उलट टाइप वन डायबेटिसमध्ये इन्सुलिनची प्लासिबोशी (औषध नसलेल्या नकली डोसशी) आरसीटी नाही. परिणामच इतका ढळढळीत की तिची गरजच पडली नाही.

कंपन्यांचं म्हणाल तर गाइडलाइन लिहिणाऱ्या कमिटीतल्यांचे हितसंबंध जरूर तपासा. त्याचा गोळी थांबवण्याशी काय संबंध?

आणि गोळी थांबवणं हाच यातला खरा घातक भाग. बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंदावणारं औषध) एकदम बंद केला तर अँजायना, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून होणारं छातीतलं दुखणं, उसळतो, कधी हार्ट अटॅकही येतो. हे औषध कमी करायचं असेल तर डॉक्टर टप्प्याटप्प्यानेच करतात. स्टेंटनंतर क्लोपिडोग्रेल ही गुठळी रोखणारी गोळी मुदतीआधी सोडली तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. आणि बीपीची गोळी? तिच्यामागे हजारो रुग्णांवरच्या आरसीटींचा ढीग आहे. म्हणजे थांबवायला सांगितलीय तीच मुळी ‘लेव्हल ए’तली.